तळघरातली वांगी

झूराकानच्या तोंडाला लागायची आल्मालू वस्तीत कोणाची टाप नव्हती. शहर सोडून आलेल्या कुटुंबांनी इसिक-कुल तलावाकाठी मातीची घरं बांधली, सगळ्यांचं मिळून एक शेत आणि एक स्वयंपाकघर केलं, तेव्हा बाकीच्यांकडे नुसती हौस होती. हिने मात्र डबाबंद भाज्यांच्या कारखान्यात केस पांढरे केले होते. म्हणून तळघराची किल्ली हिच्या कमरेला. हिवाळाभर सगळी वस्ती हिने बरण्यांत भरलेलं खायची, आणि बिनघोर खायची.

आता माणूस म्हटलं की खोड आलीच. झूराकानची खोड मानाची. बाजारातला एक थेंबही नको, व्हिनेगरसुद्धा आपल्याच सफरचंदांचं, असं भर सभेत तिनेच ठणकावलं होतं. या वर्षी ऐन फुलोऱ्यात हिम पडलं, सफरचंदं पाणचट निघाली, व्हिनेगर जिभेला झोंबेना. तिला ते कळलं होतं. पण दिलेला शब्द मागे कोण घेतो? वांगी तिने त्यातच मुरवली.

काल दुपारच्या पंगतीत तीच वांगी वाढली. तिची दाढ ठणकत होती, म्हणून तिने घास घेतला नाही. आज सकाळी तळघरात उतरली, तर त्याच फळीवरच्या उरलेल्या बरण्यांची झाकणं फुगून वर आली होती. आंबटपणा कमी पडला की बंद बरणीत विष धरतं; असल्या बरणीपायी एक अख्खं लग्नघर आडवं झाल्याचं तिने कारखान्यात ऐकलं होतं. आधी एकाचे दोन दिसतात, मग पापण्या झुकतात, मग श्वास अडतो. वेळेत इस्पितळात पोचला तर माणूस वाचतो.

सांगून टाकायला हवं होतं. पण एकदा बोललं की तळघरातल्या एकाही बरणीला कोणी हात लावणार नाही, आणि हिवाळा अजून अर्धा बाकी. दोन घरं तशीही शहरात परतायचं म्हणत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाला बजावत ती रोट्यांचं टोपलं घेऊन घरोघर निघाली. रोटी द्यायची आणि डोळ्यांत बघायचं. सगळ्यांचे डोळे टक्क उघडे होते. जिथे जायची खरी धास्ती होती, ते घर तिने शेवटी ठेवलं.

एसेनबेक तिचा धाकटा दीर. काल त्याने वांग्यांचं भांडं रोटीने पुसून खाल्लं होतं. तो चुलीपाशी लगाम शिवत होता आणि दोरा काही सुईत जात नव्हता.

"वहिनी, आज जोडीने आलात?" तो म्हणाला. "एकीच्याच शिव्या पुरतात की मला."

दिराची थट्टा रोजचीच. पण जीभ जड झाली होती, पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या, आणि तो तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत बोलत होता.

टोपलं तिथेच टाकून ती धावली. स्वयंपाकघरापुढे जेवणाची वर्दी द्यायला नांगराचा जुना फाळ टांगलेला असे. तो तिने जीव खाऊन बडवला. जेवणाची वेळ नव्हती, तरी माणसं आपापले वाडगे घेऊन हसत बाहेर आली.

"आपा, आज एवढ्या लवकर?" कोणीतरी विचारलं.

"वाडगे ठेवा," ती म्हणाली. "कालची वांगी विषारी झाली होती. व्हिनेगर कच्चं होतं, मला माहीत होतं, तरी मीच भरली. एसेनबेकच्या पापण्या झुकल्यात, तीच विषाची खूण. त्याला उचला आणि ज्यांनी ज्यांनी खाल्ली ते सगळे गाडीत बसा."

तिला वाटलं होतं, आता शिव्या पडतील. पण तिच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. सगळे एकमेकांच्या पापण्या बघत होते.