काशीदच्या करंज्या आणि नाकात बसलेली भूक

हल्ली लोक शनिवार-रविवार मोटार काढून काशीदला जातात. परवा नातीने विचारलं, "आजोबा, तुम्ही कधी गेला होता का?" गेलो होतो की! साठच्या दशकात, मुलगी बघायला, आणि तेही उपाशी.

उपासमारीला कारण माझी आत्या. आई गेल्यापासून माझं सगळं तीच बघायची. आधीच्या दोन स्थळांनी "मुलगा जरा जाडा आहे" असं कळवलं, तेव्हा ती पेणहून तडक मुंबईला आली आणि तिने मला अर्धी भाकरी, ताक आणि पडवळाच्या भाजीवर ठेवलं. सुरुवातीला पोट ओरडलं. मग ते गप्प झालं आणि भूक तिथून उठून नाकात जाऊन बसली. शेजारी कढीला फोडणी पडली की त्यात हिंग कमी आहे की जास्त, हे मी भिंतीआडून सांगू लागलो. ज्या पडवळाचा जन्मभर तिटकारा केला, त्याचीही वाट बघू लागलो.

अशा अवस्थेत भाऊच्या धक्क्यावरून सकाळची लाँच पकडली. (मागच्या बाजूला बसावं, पुढे पाणी उडतं.) रेवसला उतरलो तर बोंबील वाळत घातलेले. एरवी मी नाकाला रुमाल लावला असता. त्या दिवशी मात्र पाय निघेना.

"चल की! काय करतंस?" आत्या खेकसली.

"वास घेतोय."

"वासानं बी पोट सुटतंय, चल!"

रेवदंड्याला एस.टी. सोडून खाडी होडीने ओलांडावी लागे, तेव्हा पूल नव्हता. होडीवाला सुकटीची चटणी आणि भाकरीचं गाठोडं सोडून बसला होता.

"पावनं, खाता का थोडी?"

"त्याचा उपास हाय," आत्या म्हणाली.

"मंग माझ्या भाकरीकडं असा काय बघतोय?"

मी खाडीकडे तोंड फिरवलं, पण नाक काही फिरवता येईना.

पलीकडच्या साळावहून दुसरी एस.टी. उजवीकडची खिडकी धरा, समुद्र सोबत येतो. मला तो दिसला नाही, कारण आत्या धडे देत होती. तिच्या मनात पेणची मुलगी होती. काशीदला फक्त शब्द दिला म्हणून जायचं होतं.

"पोहे खा, चहा घे. गोडाला हात लावायचा न्हाय. आपल्यात गोड खाल्लं की सोयरीक पक्की."

"चहात साखर असते की."

"चहा गोडात धरत न्हाईत."

मुलीचं नाव यमुना. ती पोहे घेऊन आली, पण माझं चित्त मागच्या दारी होतं. तिथे कोणीतरी ओल्या नारळाच्या करंज्या तुपात तळत होतं. वेलदोड्याचा वास ओटीवर आला आणि माझी अक्कल तिकडे गेली. ताट समोर आलं. आत्याने मांडीला चिमटा काढला, तोवर पहिली करंजी तोंडात होती. माझे डोळे मिटले. इतकं सुख मी तोवर कशातच अनुभवलं नव्हतं. दुसरी तशीच, तिसरीही. चौथी मात्र नुसती करंजी निघाली, चार घरी असते तशी. तेव्हा कुठे मान वर केली आणि यमुनाला नीट पाहिलं. ती पदराआड हसत होती. मला ती फार आवडली.

"तोंड गोड झालं!" तिचे वडील ओरडले. "शेजारी गूळ वाटा रे!"

परतताना रेवसला लाँचची वाट बघताना आत्याने शेंगदाण्याची पुडी माझ्या हातात कोंबली. "खा आता. उपाशी ठेवून काय उपेग! पेणला काय तोंड दाखवू मी?" बोलता बोलता निम्मे दाणे तिनेच संपवले.

तेव्हापासून यमुना दर दिवाळीला करंज्या करते. उत्तम करते. पण ती पहिली करंजी पुन्हा भेटली नाही. बरीच वर्षं मी तुपाला दोष देत होतो. नातीला ही गोष्ट सांगत होतो, तेवढ्यात यमुना दारात येऊन उभी राहिली.

"खरं सांगा, आधी मी आवडले की करंजी?"

"करंजी," मी म्हणालो. आता या वयात काय लपवायचं?

"ठाऊक आहे मला. मी तर आत जाऊन नकोच म्हणणार होते, जाडा वाटला मुलगा. मग तुम्हाला खाताना बघितलं आणि वाटलं, बिचाऱ्याला घरी कोणी पोटभर वाढत नाही."