नवव्या दिवसाचा ताप

"हा गोल बघ, पोरी. त्यातला चौकोन फिका हाय न्हवं? म्हंजे लस तापलेली न्हाय."

बाळाला टोचण्याआधी आमच्या सिस्टर लसीची बाटली आईच्या डोळ्यांसमोर अशी धरत. प्रत्येक आईच्या. बाहेर रांग सात रस्ता चौकाकडे वळायची वेळ आली तरी. मी त्या दवाखान्यात कॉम्प्युटरवर नोंदी भरायचो आणि मनातल्या मनात चरफडायचो. सरकारी दवाखान्यात असा घोळ घालणारं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेलच.

त्यांचा पाय एका जागी ठरत नसे. लस दिल्यावर बायकांना अर्धा तास बसवून ठेवत आणि स्वतः मात्र बाकांमधून येरझाऱ्या घालत. कुणाच्या अंगावर पुरळ उठलंय का, कुणाला दम लागलाय का, एकेक बाळ बघत.

"एखाद्यालाच असला त्रास व्हतो, लई क्वचित. पण हितं झाला तर इंजेक्शन तयार हाय. रिक्षात झाला तर?"

"सिस्टर, कशाला घाबरवता बायकांना?" मी म्हणायचो. त्या पुढच्या बाळाकडे वळत.

याचं मूळ मला फार उशिरा कळलं. विड्या वळणाऱ्या एका बाईच्या दीड वर्षाच्या मुलाला त्यांनी बूस्टर दिला होता. ताप येईल का, असं तिनं विचारलं तेव्हा रांग मोठी होती. "काय होत न्हाय," सिस्टर बोलून गेल्या. संध्याकाळी पोर तापानं फणफणलं आणि त्याला झटके आले. दोन दिवसांत ते खडखडीत बरं झालं, घाबरण्यासारखं काही नाही असं डॉक्टरांनीही सांगितलं. पण आई पुन्हा दवाखान्याची पायरी चढली नाही.

आता तिला नऊ महिन्यांची मुलगी होती, बिनलसीची. आणि गल्लीत गोवर आला होता.

सिस्टरांच्या निवृत्तीला पंधरा दिवस उरलेले. रोज जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून त्या तिच्या दारात जाऊन उभ्या राहत. एकदा मलाही ओढून नेलं. बाईनं सुपातल्या पानांवरून नजर उचलली नाही.

"गोवराच्या लशीनं हिला ताप येऊ शकतो," सिस्टर म्हणाल्या. "आज न्हाय, आठव्या-नवव्या दिवशी. आन् गोवरानं जीव जाऊ शकतो. दोनी खरं हाय."

"मग मागच्या टायमाला खरं का न्हाय सांगितलं?"

"तू भ्याली असतीस. टोचून घेतलं नसतंस."

"भ्याले असते," बाई म्हणाली. "पण आले असते की."

सिस्टर तशाच मागं वळल्या. परतताना त्या इतक्या भरभर चालल्या की मला धाप लागली. मला त्यांची दया आली आणि स्वतःची लाज वाटली. 'कशाला घाबरवता' म्हणणारा मीच होतो.

निवृत्तीचं शाल-श्रीफळ झालं. बाई काही आली नव्हती. सिस्टर वैरागला, आपल्या गावी निघून गेल्या.

तिसऱ्या दिवशी बाई मुलीला घेऊन आली. नव्या सिस्टरकडून लस टोचून घेतली, सांगितलं तेवढा वेळ बसली आणि गेली. मी लगेच वैरागला फोन लावला.

"नवव्या दिवशी तिच्या घरी जाऊन ये," सिस्टर म्हणाल्या.

"मी कॉम्प्युटरवाला माणूस, सिस्टर. मला काय कळतंय त्यातलं?"

"पाय हायत की तुला."

गेलो. मुलगी तापली होती, किरकिरत होती. बाई ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसत होती. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण राग नव्हता. मी फोन लावला आणि तिच्या हातात दिला.

"सिस्टर, ताप आलाय," ती म्हणाली. "तुमी म्हणला तसाच."

मग तिनं गोंधळून फोन माझ्यापुढे धरला. कट झाला असेल म्हणून मी फोन घेऊन कानाला लावला. सिस्टर हमसून हमसून रडत होत्या.