येऊन राहिलेलं सामान

ऑटो सकाळी सहाला दारात हवा होता. सहा वाजून दहा मिनिटांनी मी ऑटोवाल्या दिलीपला फोन लावला.

"येऊन राहिलो ना ताई! दोन मिनिटात."

त्याच्यामागे कुकरची शिट्टी वाजली. आमच्या नागपुरात 'येऊन राहिलो' म्हणजे 'येतोय', आणि दिलीपच्या तोंडी 'येतोय' म्हणजे चपलेत अजून पाय गेलेला नाही. पन्नास वर्षं या गावात काढल्यावर हे मला पाठ आहे. म्हणून विमानतळावर सातला पोहोचायचं असताना मी त्याला सहाची वेळ दिली होती. तो साडेसहाला आला, आम्ही सातला पोहोचलो. वहीतल्या यादीच्या पहिल्या ओळीपुढे मी बरोबरची खूण केली.

यादी अठ्ठावीस ओळींची होती. सत्ताविसावी ओळ : 'बेटावरचं सामान स्वतः पाहणे.' अठ्ठाविसावी : 'घरी पोहोचणे.'

आधी कामाचं सांगते, कारण ते ऐकून सगळेच हसतात. आमची कचेरी लकडगंजात, प्लायवूडच्या गोदामाच्या वर आहे. खाली आरामशीन चालते आणि वर आम्ही चौघी जहाजांची कागदपत्रं तयार करतो. शेजारचे दुकानदार विचारतात, "काहून वं ताई, तुमचं जहाज फुटाळ्यात लागते का अंबाझरीत?" (ही आमची गावातली तळी.) समुद्र इथून कुठल्याही दिशेला लांबच. पण कागदाला समुद्र लागत नाही, असं मी अकरा वर्षं मानत आले.

तेल वाहून नेणाऱ्या जहाजाकडे, तेल सांडलं तर काय करायचं याचा लेखी आराखडा असावा लागतो. कोणाला कळवायचं, सामान कुठे आहे, ते किती तासांत पोहोचेल. मोठ्या बंदराजवळ हे सोपं असतं. दूरच्या पाण्यात मदत वेळेत पोहोचूच शकत नाही, म्हणून तिथे वेगळी व्यवस्था दाखवावी लागते : सामान आधीच बेटावर नेऊन ठेवायचं आणि तिथली माणसं शिकवून तयार ठेवायची. अंदमानातल्या एका छोट्या बेटाचा असा आराखडा आम्ही केला होता. त्यात मुख्य वस्तू बूम (पाण्यावर तरंगणारा लांबलचक बांध, तेल त्याच्या पलीकडे जात नाही). शुक्रवारी तिथे सराव होता, शनिवारी डिझेलचं जहाज लागणार होतं. सरावाच्या वेळी तपासणारं कोणीतरी हजर हवं, म्हणून मी निघाले होते. बेटाचं नाव मात्र इथे लिहीत नाही.

कोलकात्याच्या विमानात शेजारी चेन्नईचे एक गृहस्थ होते. मी डबा उघडून म्हटलं, "सांबारवडी घ्या." (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.) त्यांनी वडी उलटून पाहिली, मोडून पाहिली आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, "व्हेअर इज द सांबार?" मी पोट धरून हसले. एक शब्द दोन गावांत किती वेगळा होतो, याची तेव्हा मला गंमत वाटली.

पोर्ट ब्लेअरला रात्र काढून पहाटे पुढे बोट. पहिले दोन तास मी कठड्याशी उभी राहून पाण्याचे रंग मोजले. पुढचे सहा तास बाकावर आडवी होते. यादीत मळमळीची गोळी होती. ती बॅगेत होती आणि बॅग बोटीच्या तळाशी होती. समोरच्या बाईंनी लिंबाचं पान चुरगळून हातात दिलं, त्यावर निभावलं.

बेट आधी ढगासारखं दिसलं, मग हिरवं झालं. धक्क्यावर छत्री घेऊन सुधाकरभाऊ उभे होते. ते मूळ खापरखेड्याचे. वडील तिथल्या वीज केंद्रात होते, हे नऊ वर्षांपासून बेटावरचं डिझेलचं वीजघर सांभाळतात. आराखड्यात बेटावरचा माणूस म्हणून यांचंच नाव आहे. फोनवर बोललो होतो, भेट पहिलीच.

"या ताई, या! मले तर वाटलं नागपूरचं कोणी येतच नाही इकडं. संत्राबर्फी आणली का नाही?"

आणली होती. भर धक्क्यावर उभं राहून त्यांनी दोन तुकडे खाल्ले आणि डोळे मिटले.

"सामान कुठे ठेवलंय, भाऊ?"

"उद्या बोलू ना ताई. आधी जेवून घ्या."

मी वही मिटली. अकरा वर्षांत मी इतक्या सहज कधी वही मिटली नव्हती.

जेवण फुलमनीदीदींकडे होतं. त्यांचे आजोबा रांचीकडून जंगलतोडीच्या कामाला इथे आले आणि इथलेच झाले. साठीच्या, काटक, कमी बोलणाऱ्या. भात, नारळ वाटलेली डाळ, मिठातली हिरवी मिरची. घराला लागून खाडी आणि खाडीभर कांदळवन (खारफुटीचं रान). मुळं पाण्यातून अशी वर आलेली की झाडं बोटांवर उभी राहिल्यासारखी वाटतात. त्या मुळांमध्ये दीदींचे बांबूचे पिंजरे होते. पिंजऱ्यांत खेकडे वाढवून ते जिवंतच बोटीने पोर्ट ब्लेअरला पाठवतात. बेटावरची बारा घरं याच खाडीवर जगतात.

"ये हमारा खेत है," त्या म्हणाल्या. "बस, पानी में है."

बेटावरचा दुसरा दिवस गुरुवार. सकाळी साडेसातला मी धक्क्यावर गेले आणि थबकले. डिझेलचं जहाज लागलेलं होतं. पुढे वारा वाढणार म्हणून कप्तान दोन दिवस आधीच आला होता. जाडजूड नळी धक्क्यावरच्या पाइपाला जोडलेली होती आणि ती थरथरत होती.

"सराव न करता?" मी सुधाकरभाऊंना विचारलं.

त्यांनी उत्तर द्यायच्या आत नळीचा जोड सुटला.

आवाज फार मोठा नव्हता. फस्स, एवढाच. मग धक्क्याच्या कडेवरून पिवळसर धार खाली पाण्यात पडायला लागली. कोणीतरी ओरडलं, जहाजावर धावाधाव झाली, झडप बंद झाली. सगळं मिळून चार-पाच मिनिटं. पण पाण्यावर तोवर इंद्रधनुष्याच्या रंगांचा तवंग पसरला होता आणि तो हलत होता. भरती लागली होती. तवंग सरळ खाडीच्या तोंडाकडे निघाला होता.

मला कागद तोंडपाठ होता. पान सहा : बूम खाडीच्या तोंडाला आडवं लावणे. मी सुधाकरभाऊंचा दंड धरला.

"सामान! सामान काढा! कोणत्या खोलीत आहे?"

ते माझ्याकडे वळले.

"कोणतं सामान, ताई? ते तर पोर्ट ब्लेअरच्या गोदामात हाये. बोटीत जागाच नाही मिळून राहिली. म्या तुम्हाले कळवलं नव्हतं का? येऊन राहिलं म्हणून?"

कागदावर तीनशे मीटर बूम या बेटावर होतं. त्या ओळीपुढे माझी खूण होती, खाली माझी सही होती. आणि समोर तेल चाललं होतं. त्याला अडवायला बेटावर काही म्हणजे काही नव्हतं.

"खाडी का मुंह बांधो!"

फुलमनीदीदी चिखलातून पळत येत होत्या. आराखडा त्यांनी कधी वाचलेला नव्हता. खोबऱ्याच्या शेडमागे नारळाच्या सोडणांचा (वरच्या काथ्याच्या सालींचा) डोंगर पडलेला असतो. बायकांनी घराघरांतल्या मच्छरदाण्या ओढून आणल्या. सोडणं त्यांत कोंबली, लांबच लांब लोळ्या केल्या, बांबूंना बांधल्या आणि जागोजाग रिकामे प्लास्टिकचे कॅन लटकवले. मीही कोंबत होते. बोटं सोलली, डिझेलच्या वासाने डोकं भणभणलं. एका बाईने मला ढकलून बाजूला केलं, "दीदी, गांठ ऐसे नहीं, खुल जाएगी." कंबरभर पाण्यात उभं राहून त्यांनी ती लोळी खाडीच्या तोंडाला आडवी धरली. ओहोटी लागेपर्यंत.

बराचसा तवंग बाहेर राहिला, पण सगळा नाही. दुपारी दीदींनी तोंडाजवळचे पिंजरे वर ओढले. खेकडे उलटे पडले होते. त्यांनी एकेक सरळ करून पाहिला, पायाला बोट लावलं, वाट पाहिली, मग बाजूला ठेवला. मी तिथे उभी होते.

वीजघराच्या पायरीवर बसून मी फोन उघडला. सुधाकरभाऊंचा निरोप तिथेच होता : 'सामान येऊन राहिलं मॅडम. टेन्शन घेऊ नका.' आणि मला ती दुपार जशीच्या तशी आठवली. पुण्याच्या मुख्य कचेरीतली श्रुती तक्ता भरत होती. तिने फोनवर विचारलं, "बेटावरच्या सामानाचं काय, मॅडम?" आरामशीनच्या आवाजात मी निरोप मोठ्याने वाचला, "येऊन राहिलं म्हणतोय." श्रुती पुण्याची. तिच्या कानांना ते 'सामान आलं आणि तिथेच राहिलं' असं ऐकू गेलं. "अरे वा, छान," म्हणाली आणि तिने 'उपलब्ध' लिहिलं. दोन दिवसांनी छापील तक्ता माझ्याकडे तपासायला आला. एकेचाळीस ओळी. रकाना भरलेला होता. मी खूण केली.

श्रुतीची चूक म्हणावी तर तिला नागपुरी येत नाही. सुधाकरभाऊंनी खरं तेच लिहिलं होतं. दोन्ही भाषा येणारी मधली बाई एकच होती. दिलीपच्या 'येऊन राहिलो'वर अर्ध्या तासाचा हिशेब करून निघणारी मी, टेबलाशी बसले की रकाना भरलाय का एवढंच बघत होते.

संध्याकाळी धक्क्यावरच्या खोलीत माणसं जमली. भिंतीवर प्लास्टिकच्या पाकिटात आमचाच आराखडा लटकत होता. दीदींनी तो काढला आणि सुधाकरभाऊंना सामानाची ओळ वाचायला लावली. त्यांनी ती हिंदीत सांगितली.

"ये लिखा किसने?" दीदींनी विचारलं.

पुण्याचं नाव सांगणं सोपं होतं. मी म्हणाले, "लिखा किसी और ने. जांचा मैंने. ये दस्तखत मेरा है."

"आपने सामान देखा था?"

"नहीं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. त्यांनी खरंच समजून घ्यायला विचारलं, "तो फिर जांचा क्या, दीदी?"



जहाजात अर्धं डिझेल शिल्लक होतं. बेटाच्या टाकीत मोजकंच. सामान नाही असं मी बंदर खात्याला लेखी कळवलं तर सामान येईपर्यंत उरलेलं उतरवायला परवानगी मिळणार नव्हती. सुधाकरभाऊ हळूच म्हणाले, "ताई, एवढं नका लिहू. लाइट जाईन लोकांची, मलेच शिव्या पडतीन. सामान आता येऊनच राहि..." आणि स्वतःच थांबले.

मी तीन ओळी लिहिल्या. सामान बेटावर नाही. नोंद चुकीची आहे. तपासणारी मी. वीजघरातल्या इंटरनेटवरून ते पाठवायला वीस मिनिटं लागली; त्या वीस मिनिटांत मन तीनदा फिरलं.

पाच दिवस आरोग्य केंद्र सोडून सगळीकडे सकाळी दोन तास आणि संध्याकाळी तीन तास वीज. बर्फाचा कारखाना बंद पडला. चहाच्या टपरीवर एका कोळ्याने मला पुठ्ठ्याचा तुकडा दिला, "लो नागपूरवाली दीदी, अब पंखा भी आप ही झलो." सगळे हसले. मी खरोखरच वारा घातला, तेव्हा जरा जास्त हसले. चहा मात्र मिळाला.

सहाव्या दिवशी बोटीतून गठ्ठे उतरले. मी प्रत्येक गठ्ठा उघडायला लावला, मीटर पट्टी धरून मोजला, हाताने चाचपला. मग सराव झाला आणि तिथे दुसरी चूक निघाली. आराखड्यात ज्या खुंट्याला बूम बांधायचं दाखवलं होतं, तो खुंटा भरतीत पाण्याखाली जातो. नकाशावर तो फार छान दिसत होता. फुलमनीदीदींनी दोराचं टोक माझ्या हातातून घेतलं आणि चालत जाऊन वरच्या अंगाच्या एका जुन्या झाडाला बांधलं. "यहां का कीचड पकडता है," म्हणाल्या. मग बूम तिथे बांधूनच उरलेलं डिझेल उतरवलं; ते झाड आता पान सहावर आहे.

निघायच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. मेलेल्या खेकड्यांचं काय बोलावं कळेना. त्यांनीच केळीच्या पानात उकडलेलं रताळं बांधून दिलं. मी विचारलं, दर महिन्याला सामान डोळ्यांनी बघून मला फोन कराल का? त्या म्हणाल्या, "करूंगी. लेकिन आप फोन उठाना. और सुनना ठीक से."

परतीची बोट शांत होती. गोळी या वेळी खिशात होती. ती लागलीच नाही.

आमच्या तक्त्यात आता एक रकाना वाढला आहे : 'कोणी पाहिलं?' पुण्याहून विचारणा झाली, की इतक्या लांबच्या बेटावर दर वेळी जाऊन कोण बघणार. मी लिहिलं, तिथे राहतात ते. पहिलं नाव फुलमनीदीदींचं आहे.

नागपूर विमानतळाबाहेर ऊन रणरणत होतं. मी दिलीपला फोन लावला.

"येऊन राहिलो ना ताई! दोन मिनिटात."

"दिलीप, तुला आत्ता डोळ्यांसमोर काय दिसून राहिलं?"



"...टीव्ही, ताई."

मी सावलीत बॅगेवर बसले आणि वही उघडली. एकच ओळ उरली होती. घराचं कुलूप उघडून आत पाय टाकेपर्यंत मी तिच्यापुढे खूण केली नाही.