डुलक्या काढणारं कार्ड

छापखान्यातले कंप्यूटर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे ‘सबूर’ म्हणत, कारण कुणी कितीही बोंबललं तरी त्याचं पहिलं उत्तर तेच असे. एकदा एका कंप्यूटरवरून दुसऱ्यावर फायली गोगलगायीच्या चालीने जाऊ लागल्या आणि मालक त्याच्या डोक्यावरच बसले. सबूरने केबल बदलली, तरी ये रे माझ्या मागल्या! मग त्याने नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ‘वीज वाचवा’समोरची बरोबरची खूण काढली. फायली सुसाट सुटल्या.

“झालं काय होतं?” मालकांनी विचारलं.

“वीज वाचवायला कार्ड डुलक्या काढत होतं.”

मालकांनी खुर्चीत घोरणाऱ्या आपल्या मेहुण्याकडे पाहिलं. “याचीही खूण काढ की!”

“तो ड्रायव्हर वहिनींनी बसवलाय, मालक. त्याला मी हात लावणार नाही.”