सावडीचा गडी

मानोऱ्यात फुटबॉलचा संघ आहे, असं मी केनवडला घरी सांगितलं तेव्हा माझ्या बहिणीला वाटलं, मी थापा मारतोय. तिचा दोष नाही. वाशिम जिल्ह्यात पोरगं चालायला लागलं की बॅट मागतं, नाही तर मांडीवर थाप मारून कबड्डी घुमवतं. फुटबॉल टीव्हीवरच्या लोकांनी खेळायचा.

पण संघ होता. जिल्ह्यातल्या अशाच हट्टी संघांनी मिळून आपसात एक लीग चालवली होती. तिच्यात दोन गट, वरचा आणि खालचा. वरच्या गटात जो शेवटी राहील तो पुढच्या हंगामात खाली. आम्ही वरच्या गटात होतो. हे मी आजही छाती काढून सांगतो, जरी त्या छातीचा या यशात कवडीचा वाटा नव्हता.

मी इथं गुरांच्या दवाखान्यात परिचर आहे. जनावर धरून ठेवणं, जखम धुणं, सुया उकळणं, असलं काम. बदली होऊन आलो तेव्हा बायको बरोबर होती. दुसऱ्या वर्षी ती माहेरी गेली आणि तिकडूनच सोडचिठ्ठी झाली. भांडण असं काही नव्हतं. तिला माझ्याशी बोलायला काही सापडत नव्हतं, आणि मला तरी कुठं सापडत होतं? त्यानंतर आठवडा कसाही ढकलता यायचा, कारण जनावरं आजारी पडतच असतात. पण रविवार एकट्या माणसाचा वैरी असतो. कपडे धुऊन, वरण-भात लावून, जेवून, भांडी घासूनही दुपार तशीच्या तशी समोर बसलेली.

माझ्या खोलीमागं बैलबाजाराचं मैदान. बाजाराच्या दिवशी तिथं पाय ठेवायला जागा नसते, आणि रविवारी ही पोरं खेळायची. त्यांचा कप्तान वेल्डिंगचं दुकान चालवायचा. चाळिशीला टेकलेला, पोट सुटलेलं, पण पायात बॉल आला की पोट कुठं जायचं कोण जाणे. जुने पाण्याचे पाइप जोडून गोलचे खांब त्यानंच उभे केले होते. एका रविवारी मी खिडकीत उभा होतो, तर तो खालून ओरडला, "भाऊ, रिकामेच दिसून राह्यले. फक्की मारता का?"

फक्की म्हणजे मैदानावर रेघा आखायची पांढरी भुकटी. मी उतरलो. माझी पहिली रेघ इतकी वाकडी गेली की पोरं म्हणाली, या बाजूनं बॉल आपोआप बाहेर जाईल. पण पुढच्या रविवारीही मीच मारली. मग जर्स्या धुण्याचं काम माझ्याकडं आलं, मग पाण्याचा कॅन, आणि शेवटी राखीव खेळाडू म्हणून माझं नावही लागलं. पोरं मला डॉक्टर म्हणायची. ढोरांचा डॉक्टर, हे त्यातलं न बोललेलं. मला राग यायचा नाही. हाक मारायला कुणी आहे, तर त्यानं काय म्हणून मारावी याची घासाघीस मी कशाला करू?

खेळायला मात्र मला कधी मिळालं नाही. सामना हातातून पुरता गेला, की शेवटच्या पाच मिनिटांत कप्तान म्हणायचा, "जा डॉक्टर, पाय मोकळे करून या." मी धावत जायचो, बॉल एकदा पायाला लागायचा किंवा तोही नाही, आणि शिट्टी व्हायची. बाकी सगळा हंगाम मी रेषेबाहेर, फक्कीच्या डब्यावर बसून. एवढा वेळ बसल्यावर माणूस बघायला शिकतो. आमचा उजव्या बाजूचा पोरगा दमला की बॉल डाव्या पायावर घेतो, कॉर्नर नेहमी लांबच्या खांबाकडं जातो, असलं सगळं मला तोंडपाठ झालं होतं. कुणी विचारलं नाही म्हणून मी कुणाला सांगितलं नाही.

आमच्या लीगची खरी अडचण ऊस होती. सामने दिवाळीनंतर, सोयाबीन निघालं की सुरू व्हायचे, आणि त्याच सुमाराला तांड्यांवरून ट्रक भरून माणसं ऊसतोडीला जायची. आमचे दोन्ही चांगले फॉरवर्ड तांड्यावरचे. त्यांच्या जर्स्या धुऊन, घड्या घालून मी माझ्या कपाटात ठेवायचो. सगळ्याच संघांची ही गत. नियम असा की सात माणसं असल्याशिवाय सामना सुरू होत नाही. सात भरली नाहीत की समोरच्याला वॉकओव्हर.

यावर लीगनं आपला तोडगा काढला होता. शेतीत एकेक बैल असलेली दोन घरं सावड करतात. आज तुझा बैल माझ्या वावरात, उद्या माझा तुझ्या. तसंच इथं. एखाद्या संघाला माणूस कमी पडला, तर समोरच्यानं आपला एक गडी सावडीला द्यायचा, आणि त्या गड्यानं त्या दिवशी त्यांच्यासाठी जीव तोडून खेळायचं. सक्ती नव्हती. पण नाही म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. त्याच हंगामात कारंज्याच्या संघानं आम्हाला एक गडी दिला होता आणि त्याच सामन्यानं आम्हाला तगवलं होतं.

तगवलं म्हणजे बुडता बुडता नाक पाण्यावर ठेवलं. शेवटचा सामना इंझोरीशी, आमच्याच मैदानावर. तळाला आम्ही, आमच्या वर एका गुणानं इंझोरी. जिंकलो तर आम्ही वाचणार आणि ते खाली. ड्रॉ झाला तरी आम्हीच खाली. आदल्या रविवारी कप्तानानं सगळ्यांना बसवून सांगितलं, "खाली गेलो तं मी काई पुन्हा पोरं गोळा करत बसत नाई. खांब काढतो अन् मोकळा होतो." तो बोलेल तसं करणारा होता. पोरांची तोंडं उतरली, पण पोरांना क्रिकेट होतं, मोबाइल होता, घरं होती. मी खोलीवर येऊन दार लावलं तेव्हा मला खरोखर भीती वाटली. खांब गेले तर रविवारी मी कुठं जाणार होतो?

सामन्याच्या दिवशी मी इतक्या सरळ रेघा मारल्या की माझं मलाच कौतुक वाटलं. आमचे नऊ जण जमले आणि दहावा मी. इंझोरीची जीप आली. तिच्यातून सहा खेळाडू उतरले आणि एक म्हातारा. हा म्हातारा त्यांच्या संघाचा कर्ताधर्ता, एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. बाकीचे उसाला, आणि दोघं पोलीस भरतीच्या धावण्याला गेलेले. सहाच.

आमच्या पोरांना आधी समजलं नाही, आणि समजलं तेव्हा त्यांनी उड्याच मारल्या. वॉकओव्हर! न खेळता वाचलो! तेवढ्यात म्हातारा आमच्या कप्तानापुढं येऊन उभा राहिला.

"एक गडी द्या सावडीले," तो म्हणाला.

"कायले द्याचा?" आमचा गोलकीपर म्हणाला. "तुमची सात भरत नाईत तं घरी जा ना."

कप्तानानं बुटाच्या टोकानं माती उकरली. मग म्हणाला, "कारंज्यानं आपल्याले देल्ला होता ना बे? तवा गोड लागला. आता नाई म्हनाले तोंड आहे का आपल्याले?"

 मग एकजण म्हणाला, "मंग डॉक्टरले द्या."

सगळे हसले. अगदी मोकळं, सुटल्यासारखं हसले. सावडही पाळली आणि घरचं काही गेलं नाही! कप्तानही हसला आणि त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. मीही हसलो. अशा वेळी माणूस हसतो. पण आत कुठं तरी लागलं ते लागलंच.

म्हाताऱ्यानं मला खालीवर न्याहाळलं. म्हणाला, "सावडीचा गडी ज्याच्या वावरात त्याचा. जमत नसन तं आत्ताच सांगा, भाऊ."

"जमतं," मी म्हणालो.

त्यांनी मला उसाला गेलेल्या एका पोराची जर्सी दिली. काखेत घट्ट होत होती. मग त्यांच्यातला एकजण सहज म्हणाला, "कुठं खेळता तुमी?"  मानोऱ्यात इतके दिवस काढले, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "मागं. गोलपाशी." तो म्हणाला, "मंग तिथंच राहा. तुमच्या भरवशावर."

भरवशावर! तो बोलून पुढं गेला, त्याला त्याचं काही नव्हतं.

सामना सुरू झाला. नऊ विरुद्ध सात, म्हणजे सगळा खेळ आमच्याच दारात. आमच्या म्हणजे इंझोरीच्या. पहिल्या काही मिनिटांत मी दोनदा पडलो आणि मानोऱ्याची पोरं मजेत ओरडली, "सांभाळा डॉक्टर!" मग उजवा पोरगा दमला आणि त्यानं बॉल डाव्या पायावर घेतला. मी तिथं आधीच उभा होतो. कॉर्नर झाला, मी लांबच्या खांबापाशी गेलो आणि बॉल माझ्या कपाळावर आला. पुन्हा कॉर्नर, पुन्हा तेच. ओरडणं थांबलं. मी काही मोठा खेळाडू झालो नव्हतो. मी फक्त हा खेळ डब्यावर बसून आधी पाहिला होता.

शेवटाला आलो तरी गोल नाही. रेफरी घड्याळ बघत होता. तेव्हा कप्तान सुटला. दोघांना मागं टाकून तो आत आला, इंझोरीचा गोलकीपर त्याच्या पायावर झेपावला, त्यालाही त्यानं चुकवलं. आता गोल मोकळा, आणि गोलच्या रेषेवर मी एकटा.

कप्तानानं उजव्या खांबाकडं पाहिलं. तो ज्या खांबाकडं बघतो तिकडं कधी मारत नाही. हे त्याच्या घरच्यांनाही माहीत नसेल, मला माहीत होतं. मी डावीकडं सरकलो. लोक नंतर म्हणाले, तेवढ्या वेळात कोण विचार करतो? मी केला. मला खांब दिसले, रविवार दिसला, माझी खोली दिसली. उभा राहिलो असतो तर कुणाला काही कळलंही नसतं. पण मी मागं आहे या भरवशावर सहा माणसं पुढं धावत होती. बॉल माझ्या गुडघ्याच्या हाडावर आदळला आणि रेषेबाहेर गेला. लगेच शिट्टी झाली.

इंझोरीची पोरं माझ्या अंगावर येऊन पडली. कुणी गळ्यात हात घातला, कुणी केस विस्कटले, म्हाताऱ्यानं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. दिवसभर माझे हात जनावरांच्या अंगावर असतात. माणसाचा हात माझ्या अंगावर पडून किती काळ लोटला होता, ते मला तेव्हा कळलं. मी सुखावलो, हे खोटं कशाला बोलू? पोरांच्या गराड्यातून मला कप्तान दिसला. तो गोलात बसला होता, खांबाला पाठ टेकून.

"चाला इंझोरीले, जेवाले," म्हातारा म्हणाला. मी नको म्हणालो. माझा संघ तर इथं होता. पण जीप गेल्यावर मी वळलो, तेव्हा आमची पोरं मोटरसायकली काढत होती. गोलकीपर जाता जाता म्हणाला, "डॉक्टर, एवढा जीव तं तुमी आपल्यासाठी कधी नाई लावला." लावू कधी दिलात, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी घामेजलेल्या जर्स्यांचं पोतं उचललं आणि खोलीवर गेलो.

पुढच्या रविवारी मी फक्की मारली. कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही मारली. दोन गाई चरत चरत मधल्या गोलात येऊन बसल्या. दवाखान्यात एक-दोन पोरं जनावर घेऊन आली, कामापुरतं बोलली. तांड्यावरच्या दोघांच्या जर्स्या कपाटात तशाच होत्या. ते उसावरून परतले की त्यांना कसं सांगायचं, याची मी मनात तयारी करायचो.

मग एका सकाळी मैदानावर खणण्याचा आवाज आला. कप्तान होता. एक खांब त्यानं काढून आडवा केला होता, दुसऱ्याच्या बुडाशी पहार घालत होता. मी खाली उतरलो आणि पहारीला हात लावला. आम्ही दोघांनी मिळून तो हलवला, वर ओढला. पाइपच्या तोंडातून माती आणि मुंग्या पडल्या.

"रागावले का?" मी शेवटी विचारलं.

तो खांबाकडंच बघत म्हणाला, "कायचा राग? सावडीचा गडी तसाच पाह्यजे." मग त्यानं कपाळावरचा घाम पुसला आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. "पन भाऊ, तुमी असे खेळता हे मले ठाऊक असतं, तं तुमाले देल्लंच नसतं."

सगळा हंगाम मी हेच ऐकायला डब्यावर बसलो होतो. तो खांब न्यायला आणलेल्या टेम्पोकडं वळला आणि म्हणाला, "धरा तिकून." मी खांबाचं दुसरं टोक उचललं.