आप्पारावांची बैठक आणि सुकन्याची लेव्हल

कडा गावात आप्पारावांच्या जुन्या दगडी घराच्या बैठकीत बांबूच्या फळ्यांची जमीन बसवायची ठरली. काम कुणाला द्यायचं, तर सुनेनं, संस्कृतीनं, सुकन्याचं नाव सुचवलं. संस्कृती योग शिकवायची. गावातल्या बायकांचा वर्ग तिला बैठकीत भरवायचा होता, पण गार शहाबादी फरशी बायकांच्या गुडघ्यांना सोसत नव्हती.

सुकन्या म्हणजे आश्रुबा मेंढपाळाची थोरली लेक. आश्रुबाच्या मेंढ्या दर साली आप्पारावांच्या रानात बसायच्या. रानाला लेंडीखत मिळायचं, आश्रुबाला ज्वारी. लग्न झाल्यावर सुकन्या नवऱ्यासोबत, जीवनसोबत पुण्याला गेली. तो फ्लोरिंगच्या ठेकेदाराकडं फळ्या उचलायचा, ती भुसा झाडायची. झाडता झाडता जमीन कुठं दबलीय ते तिच्या अनवाणी तळव्यांना कळायचं. मिस्त्री पट्टी लावून बघायचा, तर तिनं दाखवलेल्या जागीच खालून उजेड दिसायचा. दोन-चारदा असं झाल्यावर मिस्त्रीनं सपाटी मोजायची लेव्हल तिच्याच हातात दिली. सहा वर्षांनी दोघं आष्टी तालुक्यात परतली, तेव्हा फळ्या ती बसवत होती आणि जीवन मापानं कापून देत होता.

बैठकीत पाऊल टाकताच उत्तरेचा कोपरा उतरलेला आहे हे सुकन्याला जाणवलं. तिनं पारदर्शक नळीत पाणी भरून चारी भिंतींवर एका पातळीच्या खुणा केल्या. कोपरा दीड इंच खाली होता. मग तिनं हातोडीच्या दांड्यानं फरशी वाजवली. दाराशी खणखणीत आवाज आला, कोपऱ्यात बदबद.

"आप्पा, ह्या कोपऱ्यातल्या फरशा काढाव्या लागतील," ती म्हणाली.

"कावून?" आप्पाराव खुर्चीतून म्हणाले. "आधी एक जण बघून गेला. फोमचे दोन थर टाकू अन् वरून फळ्या, म्हणला. खालचं कुणाला दिसतंय?"

"दिसणार न्हाई, पण ऐकू येईल. पाऊल पडलं की फळी कुरकुरंल. फळ्या एकमेकीत अडकत्यात त्या खाचा वरीसभरात तुटतील. मग लोक फोमला न्हाई, मला नाव ठेवतील."

आप्पारावांना ते फारसं पटलं नाही, पण सून म्हणाली, "काढू द्या, मामंजी." फरशा निघाल्या. खालच्या मातीत जीवननं पहार टेकवली, तर ती हातभर आत गेली. माती उकरली तसं दगडांनी बांधलेलं गोल तोंड दिसायला लागलं. जुनं पेव होतं ते, ज्वारी साठवायचं जमिनीखालचं कोठार. कुणीतरी राख आणि काडीकचरा टाकून बुजवलेलं आणि वरून फरशी घातलेली.

आप्पाराव काठी टेकत जवळ आले, वाकून आत पाहत राहिले. "वडील सांगायचे, घरात पेव हाय म्हणून. कुठं, ते मी इसरूनच गेलतो."

पेवातली राख उपसायला दोन दिवस लागले. मग सुकन्यानं मुरूम थराथरानं घातला, दर थराला पाणी मारलं आणि जीवननं धुम्मस घालून चोपला. वर काँक्रीट पडलं. काम मार्गी लागलं असं वाटत असतानाच आप्पारावांनी सांगितलं, की वर्गाच्या उद्घाटनाची तारीख पंधरा दिवसांवर आहे आणि पाहुण्यांना आवतण गेलं आहे.

"महिना तरी लागंल आप्पा. काँक्रीट वाळलं पायजे."

"वरून तर वाळलंय की."

सुकन्यानं वाद घातला नाही. काँक्रीटवर प्लास्टिकचा चौकोनी कागद ठेवून तिनं चारी कडा पट्टीनं चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी आप्पारावांसमोर तो उचलला. "हात लावून बघा."

त्यांची बोटं ओली झाली.

"हे पाणी बांबू पिणार अन् फुगणार."

आप्पारावांचा आवाज चढला. "आश्रुबाच्या पोरीनं आता मला तारखा द्यायच्या का?"

जीवननं सामान आवरायला हात घातला होता. सुकन्या मात्र जागची हलली नाही. सावकाश म्हणाली, "रान ओलं असलं की माझा बाप त्यात मेंढरं घालत न्हवता, आप्पा. तुमी चार-चार दिवस थांबायचे. तवा तुमी त्याला कधी तारीख इचारली न्हाई."

आप्पारावांनी खिशातून फोन काढला आणि पहिल्या पाहुण्याला सांगितलं, "कार्यक्रम पुढं गेलाय. काम पक्कं चाललंय आमच्याकडं."

कागद आणखी दोनदा लावावा लागला. शेवटच्या खेपेला तो कोरडा निघाला. मग उंचवटे घासून खाली आणले, खोलगट जागी सपाटी करणारं सिमेंटचं पातळ मिश्रण ओतलं. फळ्यांची खोकी उघडून तीन दिवस बैठकीतच ठेवली, म्हणजे बांबूला तिथली हवा मानवावी. बांबूला फुगायला जागा म्हणून भिंतीशी करंगळीएवढी फट सोडत सुकन्या एकेक फळी खाचेत बसवत गेली. दाराची दगडी चौकट वाकडी होती. तिथं तिनं कागदाचा नमुना कापला, तो तीनदा लावून पाहिला आणि मगच जीवनला फळी कापू दिली. ती अशी बसली, की सांध्यात नखही शिरेना.

उद्घाटनाला चाळीसेक बायका आल्या. एका पाहुण्यानं चपला काढून बैठकीत फेरी मारली आणि विचारलं, "आप्पा, कारागीर पुण्याहून आणले का?"

"पुण्याचे कावून?" आप्पाराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आपल्या आश्रुबाची सुकन्या हाय. मी घाई करत होतो, तिनं माझं ऐकलं न्हाई. लई बरं केलं."

आश्रुबा अंगणात उभा होता. आप्पारावांनी त्याला हात धरून आत आणलं आणि आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. म्हातारा एकदा जमिनीकडं बघायचा, एकदा लेकीकडं. फेट्याचं टोक त्यानं दोनदा डोळ्याला लावलं.

संस्कृतीनं सुकन्याला चार शब्द बोलायला पुढं बोलावलं. भाषणाची तिला सवय नव्हती. तिनं पदर नीट केला, बायकांकडं पाहिलं आणि म्हणाली, "बायांनो, एकच सांगते. पुसताना फडकं चांगलं पिळून घ्या. पाण्याची बादली ओतू नका."

बायका हसल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या, त्या बराच वेळ थांबल्या नाहीत. सुकन्या ताठ उभी राहून टाळ्या ऐकत राहिली.