जाधवांच्या ठासणीच्या बंदुका

सकाळच्या ट्राममध्ये होतो, तेव्हा यशूचा मेसेज आला. जर्मनमध्ये, एकच ओळ. 'पप्पा आज पहाटे झोपले,' असा मी तिचा अर्थ लावला. सुधाकर जाधवांचा दुखण्यामुळे कितीतरी दिवस डोळ्याला डोळा लागत नव्हता, हे मला ठाऊक होतं. दोनच दिवसांपूर्वी हॉस्पिटलात त्यांच्याजवळ बसून आलो होतो. म्हणून त्यांच्या लेकीला मी लगेच मराठीत उत्तर टाकलं, 'बरं झालं. झोपू दे त्यांना, कुणी उठवू नका.' आणि फोन खिशात ठेवला. ऑफिसात पोचल्यावर शेजारच्या टेबलावरच्या जर्मन बाईंना सहज सांगितलं, तशा त्या उठून माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की जर्मनमध्ये माणूस गेला तरी 'झोपला' असंच म्हणतात... यशूनं तो मेसेज आईला दाखवला होता. प्रज्ञावहिनी नंतर मला म्हणाल्या, "भावोजी, त्या दिवशी खूप जणांचे मेसेज आले. तुमचा तेवढा मला पटला." हे त्यांनी मनापासून म्हटलं की मला सावरून घ्यायला, ते विचारण्याची माझी हिंमत झाली नाही.

जाधव लुडविग्सहाफेनला एका रसायनांच्या कारखान्यात केमिस्ट होते. रंगांवर काम करायचे. आमची ओळख मात्र ऱ्हाइनच्या पलीकडे, मानहाइमच्या फ्लोमार्क्टात झाली. जुन्या वस्तूंच्या त्या बाजारात मी मुलीसाठी वापरलेली सायकल शोधत होतो. शेजारच्या पथारीवर एक सावळे, ठेंगणे गृहस्थ लाकडाचा एक लांब, वाकडा तुकडा डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटून पाहत होते. विकणाऱ्याशी व्यवस्थित जर्मन चाललेलं, मग भाव काही जुळेना, तसे ते स्वतःशीच पुटपुटले, "जाऊ दे राव, वाळवी लागलेली आहे." मी न राहवून विचारलं, "काय आहे हो हे?" त्यांना मराठी ऐकून जराही आश्चर्य वाटलं नाही. "बंदुकीचा दस्ता," ते म्हणाले. "नळी नाही, चाप नाही, नुसतं लाकूड. पण अक्रोडाचं आहे. तुम्ही जरा तोंड वाकडं करून उभे राहता का? म्हणजे तो भावात उतरेल." मी तोंड वाकडं केलं. तो उतरला. आमची मैत्री तिथून सुरू झाली.

बंदुका गोळा करणारा माणूस म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे उभं राहतं, त्यातलं जाधवांकडे काहीच नव्हतं. खऱ्या, जुन्या बंदुका त्यांना परवडणाऱ्या नव्हत्या. त्यांच्याकडे असायच्या त्या नकला. जुन्या धाटणीच्या, तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायच्या. त्याही बहुधा दुसऱ्या कुणाच्या अर्धवट सोडलेल्या. हौसेनं सुट्या भागांचा संच विकत घ्यायचा, महिनाभर कानशीने घासून कंटाळायचं आणि मिळेल त्या भावात तो काढून टाकायचा, अशी माणसं जर्मनीत पुष्कळ. जाधव त्या माणसांच्या मागावर असत. "लोकांचा कंटाळा हीच माझी सवलत," ते म्हणायचे. शिवाय त्यांचा नियमच होता, की भिंतीवर पाचच राहतील. सहावी आणायची तर एक विकायची. एकबारी ठासणीची बंदूक इथं सज्ञान माणसाला परवान्याशिवाय घेता येते. ती उडवायची असेल तर मात्र काळ्या दारूचा वेगळा परवाना, त्याचा अभ्यासक्रम, परीक्षा, आणि क्लबचं मैदान. जाधवांनी ते सगळं रीतसर केलं होतं. परीक्षेत दारूच्या रसायनशास्त्रावर त्यांनी इतकं लांबलचक उत्तर लिहिलं, की परीक्षकांनी 'गेनाऊ, गेनाऊ', बरोबर, बरोबर, म्हणत त्यांचा पेपर काढून घेतला, असं ते सांगायचे. यात किती खरं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

हा सगळा संसार होता इमारतीच्या केलरमध्ये, तळघरातल्या त्यांच्या खोलीत. घरात बंदूक वर आणायची नाही, अशी प्रज्ञावहिनींची अट होती. वहिनी किटामध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत, शिकवतात. रविवारी सकाळी बुद्धवंदना झाल्याशिवाय त्यांच्याकडे चहा मिळत नाही. "माझ्या किटामध्ये पोरांनी काठीची बंदूक केली तरी मी ती काढून घेते," त्या मला म्हणाल्या होत्या, "आणि आमच्याकडे हे... रोज सकाळी पंचशील म्हणायचं आणि संध्याकाळी खाली जाऊन नळ्या पुसायच्या." जाधव यावर शांतपणे म्हणायचे, "मी कागदाला भोकं पाडतो. कागदाचा जीव जात नाही." वहिनी तळघरात कधी उतरल्या नाहीत. जेवण तयार झालं की रेडिएटरच्या पाइपवर चमच्यानं तीनदा ठोकायच्या. तो आवाज खालपर्यंत जायचा आणि जाधव हातातली कानस तिथंच ठेवून उठायचे. यशूला शाळेत असताना बापाच्या या छंदाची लाज वाटायची. मैत्रिणींना ती सांगायची, पप्पा खाली सुतारकाम करतात. ते तसं खोटंही नव्हतं.

एकदा त्या तळघरात बसलो असताना मी, मोठा जाणकार असल्यासारखा, त्यांना विचारलं, "जाधव म्हणजे सिंदखेडचे का? त्यामुळे ही शस्त्रांची आवड?" ते दस्त्याला जवसाचं तेल चोळत होते. त्यांनी हात थांबवला नाही. म्हणाले, "नाही हो दामले. आमचं घर गावकुसाबाहेर." मला कानाच्या पाळीपर्यंत गरम झालं. त्यांनी मला तसंच राहू दिलं, थोडा वेळ. मग म्हणाले, "पण आमचा एक आजा कंपनीच्या पलटणीत होता." आणि त्यांनी मला ती गोष्ट सांगितली.

खापरपणजोबांच्याही आधीचा कुणीतरी. घरात त्याला 'पलटणीतला आजा' एवढंच म्हणायचे. कागद नाही, बिल्ला नाही, काही नाही. जाधवांच्या आजीला तिच्या सासूनं सांगितलेलं एकच वर्णन तेवढं शिल्लक होतं, की आज्याच्या उजव्या गालावर निळे ठिपके होते, गोंदल्यासारखे. घरातली माणसं समजायची, की नवस असेल, गोंदवून घेतलं असेल. जाधव जर्मनीत आले आणि एका किल्ल्यातल्या संग्रहालयात गेले. तिथं चकमकीची बंदूक उडवून दाखवत होते. चाप ओढला की आधी गालाजवळच्या पितळी वाटीत भुरभुरलेली दारू भडकते, मग आतला बार उडतो. दाखवणारा म्हणाला, जुन्या शिपायांच्या उजव्या गालात हे दारूचे कण घुसून बसायचे आणि ते निळे डाग जन्मभर जायचे नाहीत. "मी तिथंच खाली बसलो," जाधव मला म्हणाले. "एवढ्या लांब येऊन मला माझ्या आज्याचा गाल दिसला." त्यांचा छंद सुरू झाला तो तिथून.

मीही मग त्यांना सांगून टाकलं, की त्याच काळात आमचे पूर्वज पेशव्यांच्या दफ्तरात कारकून होते आणि आमच्या घरात ते अभिमानानं सांगतात. इतके दिवस मी हे का लपवलं होतं, कोण जाणे. मला वाटलं, ते काहीतरी टोचून बोलतील. पण ते म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे नाव लिहून राहिलं असेल." मी म्हटलं, "हो. वंशावळ आहे." ते म्हणाले, "आमच्या आज्याचं नाव आम्हाला माहीत नाही." एवढंच. आणि पुन्हा तेल चोळू लागले.

त्यांना हवी होती ती बंदूक अर्थात तीच, कंपनीच्या शिपायांकडे असायची ती लांब नळीची. खरी घ्यायची तर एका मोटारीची किंमत. इटलीत बनणारी चांगली नक्कलही आवाक्याबाहेर. मग त्यांना शोध लागला, की तशीच नक्कल उत्तर हिंदुस्थानात बनते आणि ती बरीच स्वस्त मिळते. चार बंदुका विकून त्यांनी ती मागवली. खोकं उघडायला मला बोलावलं होतं. नळीच्या खालच्या अंगाला 'मेड इन इंडिया' असा शिक्का होता. तो बघून जाधव डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "आज्यानं विलायतेची बंदूक हिंदुस्थानात उचलली आणि मी हिंदुस्थानातली विलायतेची बंदूक जर्मनीत उचलतोय. उलटासुलटा हिशेब आहे सगळा!"

त्या नळीला कान पाडलेला नव्हता. म्हणजे बाहेरची ठिणगी आतल्या दारूपर्यंत जाते ते भोक. शोभेची वस्तू म्हणून ती तशीच विकतात. जाधवांच्या क्लबातला त्यांचा मित्र क्लाउस, आयुष्यभर लेथवर काम केलेला म्हातारा, नळीत बोट घालून म्हणाला, "सुधाकर, भिंतीवर लाव. छान दिसेल." पण जाधव हट्टाला पेटले. परवानाधारक कारागिराकडून त्यांनी कान पाडून घेतला आणि बंदूक सरकारी चाचणीला पाठवली. तिथं जास्तीची दारू भरून बार काढतात. नळी मधोमध फुगली. फुटली नाही इतकंच. पत्र आलं, त्यानंतर कितीतरी दिवस जाधव तळघरात गेले नाहीत. वहिनींना खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण त्यांनीच मला फोन केला, "भावोजी, जरा येऊन जा. ते खाली जात नाहीत. मला सवय नाही हो संध्याकाळचं त्यांना वर बघायची."

दुखणं निघालं ते त्याच हिवाळ्यात. स्वादुपिंडाचं. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. जर्मन डॉक्टर लपवत नाहीत. वसंतात जरा बरं वाटत होतं, त्या दिवसांत क्लाउसनं मला फोन करून सांगितलं, की त्याची स्वतःची इटालियन बंदूक, तीच जात, चाचणीचे सगळे शिक्के असलेली, तो जाधवांना एका बारासाठी देणार आहे. त्यांना शनिवारी मैदानावर घेऊन ये. मी गाडी घेऊन गेलो तेव्हा जाधवांच्या शेजारी वहिनी कोट घालून उभ्या होत्या. त्या मागच्या सीटवर बसल्या. मैदानावर क्लाउसनं बाकावर वाळूची पिशवी ठेवून बंदूक टेकवली, कारण जाधवांच्या हातांना ते वजन पेलणारं नव्हतं. दारू त्यांनी स्वतः मोजली, स्वतः ठासली. गज दोनदा हातातून निसटला. "रूहिग, सुधाकर, रूहिग," क्लाउस म्हणत होता, सावकाश. कानांवर संरक्षक, डोळ्यांवर चष्मा. वहिनी माझ्या मागे, दोन्ही हात छातीशी घेऊन.

आधी वाटीतली दारू भडकली, मग बार झाला. आणि पांढरा धूर... इतका, की समोरचं लक्ष्य, भिंत, क्लाउस, काही म्हणता काही दिसेना. धूर हटायला वेळ लागला. जाधव तसेच बसून होते. कागदाला गोळी लागली नव्हती; आजूबाजूलाही कुठे लागल्याची खूण नव्हती. मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. ते वळले आणि म्हणाले, "दामले, त्यांना काहीच दिसलं नसेल हो." मला आधी कळेना. "आज्याला. एका बंदुकीचा हा धूर. शेजारी शेकडो. पुढं कोण आहे, मेलं कोण, जगलं कोण... काही दिसलं नसेल. आपण आपलं शूर, शूर म्हणत बसतो. घाबरला असेल हो तो. माझ्या यशूच्या वयाचा असेल." ते रडत होते. वहिनी पुढे आल्या, त्यांचा चष्मा काढला आणि उजव्या गालावरची काजळी ओढणीच्या टोकानं पुसू लागल्या. पुसता पुसता एवढंच म्हणाल्या, "घाबरला असेल, पण घरी आला ना? म्हणून तर तुम्ही आहात." जाधवांनी त्यांच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत या विषयावर दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

त्यानंतर फार दिवस मिळाले नाहीत.

आता त्यांना जाऊन पाच आठवडे होत आलेत. गेल्या शनिवारी वहिनींनी बोलावलं, म्हणून गेलो. दार यशूनं उघडलं आणि बोटानं खाली दाखवलं. तळघरातल्या खोलीत दिवा होता आणि वहिनी जाधवांच्या स्टुलावर बसल्या होत्या. आजारपणात पडल्या पडल्या जाधवांनी कुणाकडून तरी एका पिस्तुलाचा अर्धवट संच घेतला होता म्हणे. त्याचं खोकं कुणी उघडलंही नव्हतं. दस्त्याचं लाकूड वहिनींच्या मांडीवर होतं आणि त्या त्यावर पॉलिशपेपर फिरवत होत्या, रेषेच्या दिशेनं, अगदी सराव असल्यासारख्या. अंगावरच्या काळ्या स्वेटरवर लाकडाचा भुगा पडला होता.

"अर्धवट ठेवून गेलेत," त्या म्हणाल्या, वर न बघता. "असं कुणी ठेवतं का?"

यशू माझ्या मागोमाग उतरली होती. खोक्यात कागदात गुंडाळलेली पोलादी नळी तशीच पडून होती, तिच्याकडे बघत तिनं जर्मनमध्ये विचारलं, "आणि हिचं काय?"

"ती राहू दे तिथंच," वहिनी म्हणाल्या. "मी लाकडाचं तेवढं पुरं करणार आहे." मग फुंकर मारून त्यांनी भुगा उडवला, दस्ता दिव्यासमोर धरला आणि एक डोळा मिटून त्याच्या कडेवरून पाहिलं.